खैतानहून राईला आलेली होम प्लेट

मित्रांनो, जेवायला घेतात ती प्लेट मी नव्हे. मी बेसबॉलच्या मैदानातली जुनी होम प्लेट आहे, पांढऱ्या रबराची, पाच कोनांची. खेळाडू सगळ्या तळांना, म्हणजे बेसना, शिवून धावत येतो आणि माझ्यावर पाय टेकतो, तेव्हा कुठे एक धाव होते.

इस्पितळात एक्स-रे काढणाऱ्या देवदत्त सरांनी मला आखाती देशातल्या एका शहरात, खैतान भागातल्या मोकळ्या मैदानात वाळूत बसवलं. नर्स सुहासिनीताई जाड हातमोजा घालून माझ्यामागे चेंडू अडवत. आमचा संघ ‘खैतान ससाणे’. पहिल्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो. मग एका शुक्रवारी, धुळीने डोळे चुरचुरत असताना, ताई घसरत येऊन माझ्यावर आदळल्या आणि आम्ही पहिला करंडक जिंकला! त्या दिवशी माझे केवढे लाड झाले!

पुढे तिथे इमारत उभी राहायची ठरली. मला उपटून सरांच्या गाडीच्या डिकीत टाकलं. दुसरं मैदान मिळेना. उन्हाने मी तापे, प्रत्येक वळणावर इकडून तिकडे घसरे. गाडी थांबली की वाटे, आलं मैदान! पण डिकी उघडे ती भाजीच्या पिशव्यांसाठी.

अखेर त्याच शहरातल्या राई नावाच्या भागात, गोदामांमागे जागा मिळाली. ती मिळवून दिली तिथल्याच गॅरेजात काम करणाऱ्या, रत्नागिरीच्या काशिफने. तो आणि त्याचे मित्र संघात आले. तो म्हणाला, “आता नाव नवं, प्लेटही नवी. तो करंडक खैतानवाल्यांचा, आपला नव्हे.”

म्हणजे माझी रवानगी पुन्हा डिकीत!

“मैदान गेलं रे,” ताई चिडल्या, “संघ कुठे गेला? आम्ही इथेच उभे आहोत ना?”

“मग आम्ही कोण, ताई? पाहुणे?”

ताई नव्या मुलांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “नाही. चुकलंच माझं. तो करंडक आजपासून तुमचाही. पण आमचे पराभवही घ्यावे लागतील.”

“सगळे?”

“एकूण एक!”

काशिफ खळखळून हसला आणि त्याने स्वतःच माझ्यासाठी वाळू उकरली. संघाचं नाव झालं ‘राई ससाणे’, आणि करंडकावरचं ‘खैतान’ कुणी खोडलं नाही.

तरी मला चैन नाही. परवा दोन माणसं फीत धरून हे मैदान मोजत होती. माझे कोपरे झिजलेत, खेळ संपला की माझ्यावर वाळू साचते, मी दिसेनाशी होते. मित्रांनो, पुन्हा निघायची वेळ आली, तर घाईत गाडी सुरू करू नका. आधी वाळू हाताने बाजूला करून बघा. मी खालीच असेन.