चाकाचा बैल, पायाचा बैल

माझा राग नाकावर असतो, हे वलगावच्या शाळेत पहिलीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. मी अमरावतीहून रोज स्कूटीवर येते, चित्रकला शिकवते आणि वर्षातून दोनदा राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवते. यंदाचा पहिला राजीनामा एका मातीच्या बैलापायी लिहिला.

सहावीच्या मुलांनी चार मिनिटांचा ॲनिमेशनपट केला होता. मातीचा बैल केसभर सरकवायचा, मोबाइलवर फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. असे बारा फोटो जोडले की पडद्यावर एक सेकंद. गोष्ट होती हर्षाची. तिचे वडील दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा तान्हा पोळा असतो. पोरं आपापले लाकडाचे, मातीचे बैल घेऊन रांगेत तोरणाखालून जातात, आणि तोरण तोडलं की पोळा संपतो. हर्षाच्या गोष्टीत चाकांवरचा लाकडी बैल दरवर्षी तोरणाखालून पहिला जातो आणि बक्षीसही तोच नेतो. शेवटी मात्र एक चिमुकला मातीचा बैल त्याच्याआधी जातो. एवढंच. ऑगस्टमध्ये अमरावतीच्या बालचित्रपट महोत्सवात तो दाखवायचा होता, आणि हर्षाचा सगळा जीव त्या शेवटात अडकला होता.

शाळेत पहिला खेळ झाला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भडका उडाला. ‘लहान पोट्ट्यायच्या सिनेमात राजकारण कायले?’ ‘मानपान मोडाले शिकवून राहिले.’ दुपारी चंद्रभानभाऊ शाळेत हजर. ते शाळा समितीचे अध्यक्ष, पोळा समितीचेही तेच. नागपूरहून आणलेला, वासराएवढा चाकांचा बैल त्यांच्याच नातवाचा. आणि तो नातू, अनुप, आमचा कॅमेरामन. म्हणजे आजोबांची बदनामी नातवानेच टिपली होती, आणि फार छान टिपली होती.

“मॅडम, दोन गोष्टी,” भाऊ म्हणाले. “एक, शेवट बदला. मोठा बैल पह्यले जाईन. नाईतर हे पिक्चर अमरावतीले जात नाई. आन् दुसरी, हा बैल हाये का ससा? पुढचे दोन पाय उचलते, मंग मागचे दोन. बैल असा चालते काय?”

मुख्याध्यापकांनी दोन्हीला मान डोलावली. माझा हात पर्सकडे गेला. हर्षा रडवेली झाली होती, पण बोलली तीच.

“आबाजी, मंग तुमीच सरकवा. आमाले नाई येत.”

असं कोणी म्हटलं की भाऊंना मागे हटता येत नाही. चष्मा पुसून ते चित्रकलेच्या वर्गात सतरंजीवर मांडी घालून बसले. आधी चित्रपटात मोठ्या बैलाचं काम करणारा छोटा लाकडी बैल घेतला. त्याचे पाय फळीला ठोकलेले, फळीला चाकं. नुसता ढकलायचा. वीस मिनिटांत तो तोरणापार गेला. अनुपने मोबाइलवर दाखवलं, तर भाऊंनीच तोंड वाकडं केलं.

“हा त चालूनच नाई राहिला. कपाट सरकवल्यावानी दिसते.”

मग त्यांचा हात आपसूक मातीच्या बैलाकडे गेला. “इकडे पाह्य. मागचा पाय पुढच्याच्या खुणेवर पडते. मान जराशी खाली. हां, आता काढ फोटो.” पोरं पोटावर पालथी पडून बघत होती. शेपटी फोटोबाहेर राहिली म्हणून अनुपने बोलणी खाल्ली. मला तर कोणी विचारतही नव्हतं. मी पेन्सिलींना टोक करत बसले. दीड तासाने अनुपने फोटो चालवून दाखवले आणि तो बैल खरंच चालला, दमदार, आपल्याच तालात. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

बैल तोरणाशी पोचला तशी हर्षा म्हणाली, “बस, आबाजी. आता याले थांबवा.”

“काहून?”

“मोठा गेला ना पह्यले. आता तोरण तोडाचं.”

“अवं, पण हा त रांगेत हाये.”

“गेल्या साली माहाबी रांगेतच होता. बक्षीस झालं, तुमी तोरण तोडलं, सारे घरी गेले. माहा बैल गेलाच नाई.”

ती तक्रार करत नव्हती. गोष्टीत पुढे काय होतं, तेवढंच सांगत होती. बैलाचा पाय भाऊंच्या चिमटीत तसाच राहिला.

“मले कोनी सांगतलं नाई,” ते म्हणाले. तोरणापासून रांगेचं टोक दिसत नाही, हे खरं. त्यांनी कधी मान उंच करून पाहिलं नाही, हेही खरं. एरवी मी हे तोंडावर बोलले असते, पण त्यांचा चेहरा बघून पुन्हा पेन्सिलींकडे वळले.

त्यांनी लाकडी बैल उचलला आणि मातीच्या बैलाच्या मागे ठेवला. “अनुप, याचे मघाचे फोटो पुसून टाक.”

“काहून, आबाजी?”

“चाकाचा कितीबी वेळ उभा राहीन. उभा राहून थकते तो पायाचा.”

अमरावतीला बैल चालायला लागला तेव्हा टाळ्या पडल्या. शेजारच्या अनोळखी माणसाला भाऊ सांगत होते, “चाल आपली हाये.” गावच्या ग्रुपवर निकाल लागला: ‘शेवट नाई पटला, पण बैल खरा चालते.’

तान्ह्या पोळ्याला पहिलं बक्षीस पुन्हा नागपूरच्या बैलालाच मिळालं. परीक्षक बाहेरचे होते, त्यांना मोठा आकार आवडला. मी घरी जाऊन दुसरा राजीनामा लिहिला, तो पर्समध्ये आहे.

पण त्या दिवशी बक्षीस झालं, तोरणाची दोरी भाऊंच्या हातात आली, आणि त्यांनी ती ओढली नाही. टाचा उंचावून ते रांगेच्या पार टोकापर्यंत बघत राहिले.

“मांगं कोनी राह्यलं काय?”

हर्षाचा बैल केव्हाच पलीकडे गेला होता. तीही वळून मागे बघू लागली. कोणी उरलं नव्हतं. तरी भाऊंनी पुन्हा एकदा विचारलं, आणि मगच दोरी ओढली.