हंगामी अध्यक्षाचं पहिलं ‘नाही’

ब्रेहिमा देंबेले हंगामी अध्यक्ष झाल्याची बातमी रेडिओवर आली, तेव्हा मी बाजारात माझ्या कापडाच्या दुकानात बसले होते. मी पोट धरधरून हसले. शेजारचे दुकानदार घाबरले, कुणी ऐकलं तर काय घ्या! मी म्हटलं, “घाबरता कशाला? मी कोने, तो देंबेले. मी नाही हसायचं तर कुणी हसायचं?”

कोने आणि देंबेले ही आमच्याकडे चेष्टेची भावकी, पणजोबांच्याही आधीपासूनची. कोनेनं देंबेलेला भर चौकात चवळीखाऊ म्हणावं, आपला गुलाम म्हणावं, त्याच्या ताटातला मांसाचा तुकडा उचलून तोंडात टाकावा. देंबेलेनं रागवायचं नाही, व्याजासकट परत करायचं. पण कोनेनं चारचौघांत खरोखरीचं काही मागितलं, तर मात्र देंबेलेला नाही म्हणता येत नाही. म्हटलंच, तर घराण्याचं नाक गेलं. म्हणून आम्ही सहसा काही मागत नाही, शिव्यांवरच भागवतो.

तसं बघितलं, तर ब्रेहिमाला नाही म्हणणं कुणापुढेच जमलं नाही. एका गल्लीत वाढलो आम्ही, मला ठाऊक आहे. तो शिकून गुरांचा डॉक्टर झाला. गाय विकणारा म्हणायचा, “ठणठणीत आहे ना हो?” हा म्हणायचा, “हो, ठणठणीत.” घेणारा बाजूला नेऊन विचारायचा, “जरा आजारी दिसते का?” “हो, जराशी आहे.” दोघं खूश होऊन जायचे आणि गाय मरायची. असा माणूस गुरांच्या दवाखान्यात फार दिवस टिकत नाही. राजकारणात मात्र त्याचं सोनं झालं.

सरकारी पक्षानं विचारलं, येतोस का? हो. विरोधकांनी विचारलं, येतोस का? हो. निवडणुकीत दोघांनीही त्याला आपला समजून मतं दिली. पुढे संसदेच्या अध्यक्षपदासाठी दोन दांडगे उमेदवार एकमेकांच्या उरावर बसले. सभागृहात खुर्च्या मोडल्या, तेव्हा कुणाच्याच डोळ्यांत खुपत नाही म्हणून ब्रेहिमाला तिथे बसवून टाकलं. तो बसला आणि झोपला. मग देशाचे अध्यक्ष उपचारांसाठी परदेशी गेले, ते गेलेच. राजीनामा तेवढा आला. घटनेत लिहिलेलं होतं, अशा वेळी संसदेच्या अध्यक्षानं तीन महिने देश सांभाळायचा, निवडणूक घ्यायची आणि घरी जायचं.

सुरुवातीला तो त्या मोठ्या खुर्चीच्या कडेवर टेकून बसायचा, डॉक्टरच्या दारात नंबर लावून बसतात तसा. हळूहळू मागे सरकला. मग भाट आले. भाटांनी शोधून काढलं, की याच्या पूर्वजानं नदी पाण्यावरून चालत ओलांडली होती. याचा आजोबा नावेत बसला तरी ओकायचा, हे आमची सगळी गल्ली सांगेल. पण भाटांपुढे गल्लीला कोण विचारतो? नोटांवर फोटो टाकायचं बोलणं सुरू झालं. निवडणुकीचं नाव कुणी काढेना.

मुलं रस्त्यावर आली. माझा धाकटा, झुमाना, सगळ्यांत पुढे. “तीन महिने म्हणजे तीन महिने!” एवढंच ओरडत होता. तेवढ्यासाठी त्याला गाडीत कोंबून मोठ्या तुरुंगात नेलं. मला भेटूही दिलं नाही.

मी तडक अध्यक्षांच्या महालात गेले. पहारेकऱ्यानं अडवलं. मी म्हटलं, “आत जाऊन सांग, मालकीण आलीय.” तो हसला आणि बाजूला झाला. कोने-देंबेलेच्या मध्ये पडायची छाती पहारेकऱ्यालाही नसते.

“या या, आमच्या मोलकरीणबाई!” ब्रेहिमा उठून उभा राहिला. “झाडू आणलास का?”

“आणणार होते रे चवळीखाऊ. पण तुझ्याच वाऱ्यानं सगळी धूळ उडालीय. पडदे बघ कसे हलतायत.” एवढं रीतीचं झालं, मग मी मुद्द्यावर आले. “ब्रेहिमा, माझा पोरगा आत आहे.”

त्याचा चेहरा उतरला. “कागद आला होता गं. गृहमंत्र्यानं, बागायोकोनं पुढे ठेवला.”

“वाचलास?”

“त्यावर सगळ्या मंत्र्यांच्या सह्या होत्या. मी एकट्यानं कसं...”

“मग आता सोडायच्या कागदावर सही कर.”

“हो, हो. करतो ना, त्यात काय!” त्यानं पेन उघडलंसुद्धा. तेवढ्यात गृहमंत्री मामुरू बागायोको आत आला. सुटाला परीटघडी, डोक्याला तेल. “साहेब, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे,” तो म्हणाला. “हो, तेही आहेच,” ब्रेहिमा म्हणाला आणि त्यानं पेनाला टोपण लावलं. मला त्याला बदडून काढावंसं वाटलं.

बागायोकोनं मला बाहेर गाठलं. “मावशी, चिडू नका. परवा साहेबांची मुदत संपतेय. दुपारी बारा वाजता. त्याआधी मोठा सोहळा आहे. मी देशाची मागणी वाचून दाखवणार, की साहेबांनी राहावं. मग तुम्ही उठायचं आणि कोने म्हणून सगळ्यांसमोर मागायचं, ‘ब्रेहिमा, खुर्ची सोडू नकोस.’ तुमचं मागणं त्यांना मोडता येत नाही. परदेशी लोकांनी विचारलं तर आम्ही सांगू, माणूस निघालाच होता हो, पण रीतीपुढे काय करणार?”

“आणि माझा मुलगा?”

“रात्रीच्या जेवणाला घरी.”

खोटं कशाला बोलू? मी हो म्हणून आले. पोटचं पोर तुरुंगात असताना देश वगैरे काही सुचत नाही. मी नवं लुगडं काढलं, मान म्हणून द्यायची कोलाची फळं पदरात बांधली आणि सोहळ्याला गेले.

सभागृह खच्चून भरलं होतं. भाटांनी सुरुवात केली ती पाण्यावरून चालणाऱ्या पूर्वजापासून, आणि एकेक पिढी करत ते असे सावकाश खाली यायला लागले, की बागायोको घड्याळ बघून घामाघूम झाला. भाटाला मध्येच थांबवायची सोय नाही. थांबवलं, तर पुढच्या लग्नात तो तुमच्याच आजोबाला चोर करून टाकतो. शेवटी गाणं संपलं, मागणीचं वाचन झालं, टाळ्या झाल्या. बागायोकोनं मला खूण केली.

मी उठले. ब्रेहिमा त्या खुर्चीत पार मागे टेकून बसला होता, कपाळावर घाम. त्यानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी मोठी पोरं त्याला गुरुजींचे आंबे चोरायला झाडावर चढवायची, तेव्हा फांदीवरून तो असाच बघायचा. आणि माझ्या डोक्यात लख्ख आलं. हा आज माझ्या झुमानाला सोडेल. उद्या बागायोको दुसरा कागद ठेवेल, हा त्यावरही सही करेल. पोरगं घरी येईल ते जेवण्यापुरतं.

“ए चवळीखाऊ!” मी म्हटलं. सगळे हसले. “गुलामा, मी न्येले कोने. तुझ्याकडे आजवर मी कधी काही मागितलं नाही.”

“शिव्या तेवढ्या मागितल्यास की,” तो पुटपुटला. पुन्हा हशा.

“आज मागते, आणि खरोखरीचं मागते. या मंत्र्यानं आत्ता तुला राहा म्हटलं. त्याला सगळ्यांसमोर एक ‘नाही’ देऊन दाखव. तुझ्या तोंडून तो शब्द ऐकायचा आहे मला. तुझ्या आईनंही कधी ऐकला नसेल.”

बागायोकोचा चेहरा राखेसारखा झाला. तो ब्रेहिमाच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलला, आणि ब्रेहिमाची मान सवयीनं हलायला लागली. अर्ध्यात थांबली. एकीकडे मंत्री, एकीकडे कोने. जन्मात पहिल्यांदा एकाला हो म्हणायचं, तर दुसऱ्याला नाही म्हणणं भाग होतं.

“ना,” तो म्हणाला. घसा खाकरला. “नाही. मी राहत नाही.”

तरुण पोरं बाकांवर चढली, बायकांनी बेंबीच्या देठापासून आरोळ्या ठोकल्या. मला इतका आनंद झाला, की मी रीत विसरून त्याचा हात धरला. “शाबास रे! आता माझ्या पोराच्या सुटकेवर सही कर, चल.”

तेव्हा सरन्यायाधीश उभे राहिले. त्यांनी चष्मा वर करून भिंतीवरचं घड्याळ बघितलं. “बाई, बारा वाजून गेलेत. साहेबांनी मुदतवाढ नाकारली, आता ते कुणीच नाहीत. यांची सही चालणार नाही.”

“मग कोण अध्यक्ष?”

“संसदेचे उपाध्यक्ष. ते गुडघ्याच्या ऑपरेशनला परदेशी गेलेत. परत आले, की शपथ घेतील.”

मी मटकन खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. लोक आणखी हसले. कोने देंबेलेसमोर रडतेय म्हणजे नवी नक्कल असणार, असंच सगळ्यांना वाटलं. एकटा ब्रेहिमा हसला नाही. त्यानं गळ्यातला अध्यक्षपदाचा पट्टा काढून खुर्चीवर ठेवला, मला उठवलं आणि म्हणाला, “चल.”

आम्ही तुरुंगापर्यंत चालतच गेलो, कारण त्याची गाडी बागायोकोच्या माणसांनी तेवढ्यात काढून घेतली होती. फाटकावरच्या पोरसवदा शिपायानं त्याला ओळखलंही नाही. “अध्यक्षांचा हुकूम लागेल,” तो म्हणाला, “आणि आज अध्यक्ष नाहीत असं ऐकतोय. थांबा तिकडे.”

तिकडे भिंतीच्या सावलीत एक लांब बाक होता. त्यावर बायका बसल्या होत्या, मांडीवर झाकलेले डबे घेऊन. सगळ्या आयाच. कडेची एक म्हातारी सरकली आणि तिनं आम्हाला जागा करून दिली.

“तुमचं कोण आहे हो आत?” तिनं ब्रेहिमाला विचारलं.

मला वाटलं, आता हा नेहमीसारखं तिला बरं वाटेल ते बोलणार. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“सगळेच,” तो म्हणाला. “सह्या माझ्याच आहेत.”

म्हातारीनं त्याला खालून वर न्याहाळलं. तिनं सरकून दिलेली जागा परत घेतली नाही.

“मग बस,” ती म्हणाली. “आता तूही थांब.”