अडतीस पायऱ्यांची शिडी

दादाला क्रेनवरून खाली आणलं ते एका पट्ट्याने.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आमच्या पोलादाच्या गोदामात छताखालून जी अवाढव्य क्रेन धावते, तिच्या केबिनमध्ये तो एकोणीस वर्षं बसला. मी त्याच गोदामात, पण खाली. पत्र्याच्या गुंडाळ्यांना साखळ्या अडकवायच्या, बाजूला सरायचं आणि हात वर करायचा. वरून दादा उचलणार. एकेक गुंडाळी बारा टनांची. दादाचा हात इतका हलका, की जमिनीवर टेकताना आवाजसुद्धा व्हायचा नाही. बसून बसून त्याचं अंग सुटत गेलं, तशी पोरं त्यालाच 'बारा टन' म्हणायला लागली. तोही हसायचा. म्हणायचा, "मग मला उचलताना साखळी नीट लाव."

केबिनला जायला भिंतीलगत सरळसोट लोखंडी शिडी आहे. अडतीस पायऱ्या. नवे सेफ्टीचे साहेब आले आणि त्यांनी नियम काढला, की पट्टा बांधल्याशिवाय शिडीला कुणी हात लावायचा नाही. पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : जास्तीत जास्त एकशे वीस किलो. दादा एकशे एकेचाळीस भरला.

"एकवीस किलोंचाच प्रश्न आहे," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "सहा महिने देतो. तोवर वर हंगामी माणूस चालवेल, तुम्ही खाली काहीतरी बघा. नंतर मात्र मला वर कायमचा दुसरा माणूस नेमावा लागेल."

दादाने आधी पथ्य करून बघितलं. महिनाभरात तीन किलो गेले, पुढच्या महिन्यात चार परत आले. साखर वाढलेली होती, गुडघे बोलत होते. शेवटी डॉक्टरांनीच ऑपरेशन सुचवलं. पोट कापून केळ्याएवढं ठेवायचं. वहिनी घाबरली. दादा म्हणाला, "एवढ्या पोटाने मला आजवर काय दिलं? जाऊ दे."

ऑपरेशन नीट झालं. त्याच संध्याकाळी व्यायामाच्या मॅडम आल्या आणि त्यांनी दादाला उभं केलं. बुटकी बाई, दादाच्या खांद्यालाही लागत नव्हती, पण आवाज असा, की सगळा वॉर्ड सरळ बसावा. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. नळीच्या खेळण्यात श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचे. आणि चालायचं. पहिल्या दिवशी पलंगापासून दारापर्यंत. दुसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या टोकापर्यंत.

घरी सोडताना मॅडमनी एक तक्ता दिला. सहा आठवडे फक्त चालणं, पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीला टेकून अर्धं बसणं, मग हळूहळू जिने. "वजन आपोआप उतरेल," त्या दादाला म्हणाल्या. "व्यायाम वजनासाठी नाही. वजनाबरोबर मांसही जातं, ते राखायला व्यायाम. आणि त्यासाठी पोटात प्रथिनं हवीत, गोळ्या हव्यात. एकही दिवस चुकवायची नाही. काही टिकत नसेल तर लगेच फोन करायचा."

दादाने मान डोलावली. तो तक्ता वहिनीने फ्रिजवर चिकटवला.

वजन धाडधाड उतरलं. एकशे सव्वीस, एकशे वीस. वहिनी घरी शिवणकाम करते. दर पंधरा दिवसांनी ती दादाच्या पँटी आत घ्यायला लागली. शेवटी वैतागून म्हणाली, "अहो, जरा थांबा तरी. माझा दोरा संपला." सगळे खुशीत होते. शेजारचे दार वाजवून बघून जायचे. दादाला आरशासमोर आम्ही कधी बघितलं नव्हतं, तो आता येता-जाता थांबायचा.

तक्त्यात वीस मिनिटं चालणं असलं तर तो चाळीस चालायचा. जिन्याची पाळी यायच्या आधीच आमच्या इमारतीचे चार मजले चढून-उतरून झाले. मी सुट्टीच्या दिवशी बरोबर असायचो. एकदा असंच पहाटेचं चालून आलो आणि तो कचऱ्याच्या पिंपामागे गेला. मला वाटलं, काही टाकायला गेला असेल. बघतो तर भिंतीला हात टेकून ओकत होता.

"रोज होतं का असं?"

"रोज नाही," तो म्हणाला. मग रुमालाने तोंड पुसत, "बहुतेक रोज."

"गोळ्या?"

"त्याच तर पहिल्या बाहेर येतात."

"मॅडमना फोन करू या."

त्याने माझं मनगट धरलं. तसं त्याने मला लहानपणी रस्ता ओलांडताना धरलेलं आठवतं. "ऐक. फोन केला, की ते व्यायाम बंद करणार. महिनाभर झोपवून ठेवणार. मला तारखेला वर जायचंय. हिला कळलं तर ही रडून घर डोक्यावर घेईल. तू काही बघितलं नाहीस."

मी त्याचं ऐकलं. आयुष्यभर ऐकत आलो होतो, सवयच ती. शिवाय तो दिसायलाही ठणठणीत होता, चेहऱ्यावर हाडं दिसायला लागली होती, लोक म्हणायचे दहा वर्षांनी लहान झालास. मी स्वतःला समजावलं, की एवढं मोठं ऑपरेशन, थोडंफार होणारच.

पुढच्या महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. आम्ही चालत होतो, आणि मागून एका बाईने हाक मारली, "अहो, चप्पल!" दादाची एक चप्पल वीस पावलं मागे पडली होती. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, आणि खडीच्या रस्त्यावर त्याला पत्ता नव्हता. तो हसला. "पाय बारीक झाले, चप्पल सैल झाली." मीही हसलो.

साहेबांनी दिलेल्या सहा महिन्यांतले साडेपाच संपले आणि शिडी चढून दाखवायच्या चाचणीचा दिवस आला. गोदामात दादाने काट्यावर पाय ठेवला : एकशे आठ. पोरांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी ओरडलं, "बारा टनाचे सहा झाले रे!" साहेबांनी स्वतः पट्टा बांधला, सगळ्या कड्या ओढून बघितल्या, दोरीला चाप लावला आणि दादाच्या पाठीवर थाप मारली. "जा. सावकाश."

दादा चढायला लागला. पहिल्या दहा पायऱ्या झरझर गेल्या. पंधराव्याला थांबला, श्वास घेतला. मी खाली उभा राहून मोजत होतो. अठरा. एकोणीस. वीस. एकविसाव्या पायरीवर त्याचा उजवा पाय उचलला गेला आणि शिडीवर पडायच्या ऐवजी शिडीशेजारच्या भिंतीवर जाऊन टेकला. त्याने तो मागे घेतला, परत उचलला. पुन्हा भिंत.

"दादा, डावीकडे घे," मी ओरडलो.

"घेतला ना."

"नाही घेतलास. पाय भिंतीवरच आहे."

मग त्याचा आवाज आला, आणि तो त्याचा वाटतच नव्हता. "अरे, मला पाय कुठे आहेत ते कळत नाहीये."

गोदामातलं काम थांबलं होतं. मी शिडीकडे धावलो, तर साहेबांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. एका वेळी शिडीवर एकच माणूस, हा नियम. तो बरोबरही होता. दोघांचं वजन त्या दोरीने पेललं नसतं. उंचावर माणसं न्यायचा पाळणा गोदामाच्या दुसऱ्या टोकाला होता, त्याच्या वाटेत माल रचलेला. तो हटवायला क्रेन लागणार, आणि क्रेनकडे जायच्या एकुलत्या शिडीवर दादाच अडकलेला. शेवटी पोरांनी ढकलगाड्यांनी आणि खांद्यांनी वाट मोकळी केली. त्यात चाळीस मिनिटं गेली.

ती चाळीस मिनिटं मी खाली उभा होतो. दुसरं काहीच करू शकत नव्हतो. बोलत होतो एवढंच. काय बोललो ते आठवत नाही. घरच्या गोष्टी, मॅचचा स्कोअर, काहीही. मग त्याचे हात सुटले. तो हातभर खाली आला आणि पट्ट्याने त्याला झेललं. पट्टा तुटला नाही. दादा त्यात मान खाली घालून लोंबत राहिला, भिंतीकडे तोंड करून, आणि पाय दोन दोरखंडांसारखे हलत होते. सत्तर माणसं बघत होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

खाली आणल्यावर त्याने पाणी मागितलं. बाटली घटाघटा संपवायची तहान, आणि पोट घोट-घोटच घेणारं. तो एक घोट घेऊन थांबायचा, माझ्याकडे बघायचा, दुसरा घोट घ्यायचा.

हॉस्पिटलात नसांच्या डॉक्टरांनी त्याच्या तळपायाशी टाचणी धरली. डोळे मिटून सांगा, कुठे टोचतंय? दादाने तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा टाचणी पायाला लागलेलीच नव्हती. मग त्यांनी विचारलं, "उलट्या होत होत्या का?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. ते बघून वहिनी माझ्याकडे बघायला लागली.

"होत होत्या," मी म्हणालो. "तीन महिने."

डॉक्टर रागावले नाहीत. नुसतं सांगितलं, की उलट्यांमुळे एक जीवनसत्त्व अंगाला लागलंच नाही, आणि त्याच्यावाचून नसा वाळत गेल्या. इतका व्यायाम, आणि पोटात आधार नाही. आता शिरेतून इंजेक्शनं देऊ. काही नसा परत येतात. काही येत नाहीत. कोणत्या येतील ते आज कुणीच सांगू शकत नाही. वेळेवर कळलं असतं तर दोन आठवड्यांचं काम होतं.

व्हरांड्यात वहिनीने मला गाठलं. "भाऊजी, तुम्ही रोज आमच्याकडे चहा प्यायला येत होता."

"हो."

"माझ्यासमोर बसत होता."

"त्याने शपथ घातल्यासारखं केलं, वहिनी. मला वाटलं…"

"तुम्हाला काय वाटलं ते मला नकोय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी पँटी आत घेत बसले, तुम्ही गप्प बसलात आणि ते जिने चढत बसले. आपण तिघांनी मिळून केलं हे." ती आत गेली. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. मला तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर निदान उत्तर देता आलं असतं.

त्या मॅडम पुन्हा आल्या. दादा त्यांना म्हणाला, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "चुकीचं नंतर बघू. खुर्चीवरून उठा." दादा उठायला गेला आणि परत बसला. पाचदा उठायचं होतं, एकदाही झालं नाही. मॅडमनी त्याच्या कमरेला फडका बांधला, दोन्ही टोकं धरली आणि त्याला ओढून उभं केलं. पाय कुठे पडतात ते डोळ्यांनी बघत चालायचं, असं शिकवलं. मान वर केली, की तो कोसळायचा.

ठरलेल्या तारखेला साहेबांनी क्रेनवर दुसरा माणूस घेतला. एक तरुण मुलगी आहे, दुसऱ्या कारखान्यातून आलेली. हुशार आहे. सुरुवातीला गुंडाळी टेकवताना दणका व्हायचा, आता होत नाही. दादाला दारावरच्या खोलीत हातमोजे आणि हेल्मेटं वाटायचं काम मिळालं. खुर्ची आहे, टेबल आहे. वजन आता अठ्ठ्याण्णव. लोक अजून म्हणतात, काय छान दिसतोस रे. तो थँक्यू म्हणतो.

गुडघ्यापर्यंत जाणीव परत आली आहे. त्याच्या खाली अजून नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षभर वाट बघा. मॅडम म्हणतात, व्यायाम सोडू नका. वर्षानंतर काय, ते दोघंही बोलत नाहीत, आणि आम्हीही विचारत नाही.

गेल्या रविवारी त्याला घेऊन बागेत गेलो. तिथे तळ्याकडे उतरणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या आहेत. त्याने काठी माझ्याकडे दिली आणि पायांकडे बघत उतरायला लागला. सहा उतरला. मग वळून चढायला लागला. तिसरीवर थांबला. मी हात पुढे केला.

"नको," तो म्हणाला. मग वरच्या पायरीकडे बघत, "बसू या का?"

आम्ही तिथेच पायरीवर बसलो. बाजूने लोक व्यायामाचे कपडे घालून धावत वर-खाली करत होते. एका आजोबांनी तर दोन-दोन पायऱ्या घेतल्या. दादा त्यांचे पाय बघत होता.

"तू सांगायला हवं होतंस रे," तो म्हणाला.

"तूच नको म्हणालास."

"तरी सांगायला हवं होतंस."

वहिनीचा फोन आला, किती वेळ लागेल म्हणून. मी म्हटलं, निघतोच आहोत. ऊन आमच्या पायरीवर आलं, मग खालच्या पायरीवर गेलं. दादा मधूनमधून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवायचा, उठायचा जोर लावायचा, आणि परत बसायचा. मी काठी मांडीवर घेऊन शेजारी बसून होतो.