क्लाइवला मेलबर्न पसंत नाही

मुलगी नाकारायची हे घरूनच ठरवून निघालेला वरबाप जसा पोह्यांतही खोट काढतो, तसा ब्रॉन्विनचा बाप क्लाइव सिडनीहून मेलबर्न बघायला आला होता. आल्या दिवसापासून त्याचं नाक जे वर चढलं होतं, ते आज रविवारी, परतीच्या विमानाच्या दिवशीही खाली आलं नव्हतं.

शहराशी त्याचं वैर नव्हतं. त्याला लेक परत न्यायची होती. तिची तान्ही लेक हेटी पोटात असतानाच हेटीचा बाप पर्थला पळाला. तेव्हापासून क्लाइवचं एकच पालुपद: आता त्या गावात तुझं आहे कोण? सिडनीच्या घरातली मागची खोली त्यानं पिवळी रंगवूनही ठेवली होती, हेटीसाठी. इकडे ब्रॉन्विनला केवढ्या प्रतीक्षेनंतर पाळणाघरात जागा मिळाली होती. उद्या होकार कळवायचा, की लायब्ररीतली नोकरी पुन्हा सुरू. तिचं ठरलं होतं. बापाला सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि या माणसाला तोंडावर नाही म्हणणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

सकाळी ती त्याला ब्रायटनच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. वाळूत रंगीत लाकडी खोल्यांची रांग उभी.

"हे काय, संडास?"

"कपडे बदलायच्या खोल्या, बाबा. समुद्रात डुंबणाऱ्यांच्या."

"आत नळ?"

"नाही."

"दिवा?"

"तोही नाही."

"आणि लोक याला घराची किंमत मोजतात! आमच्याकडे असल्या खोपटात गवत कापायचं यंत्र ठेवतात." मग त्यानं पाण्याकडे पाहिलं. "हा समुद्र? याला लाट येते, का नुसती उचकी?"

ब्रॉन्विन हसली. बाप बोलला की हसायचं, ही तिची लहानपणापासूनची सवय. आज मात्र ते हसू तिचं तिलाच शिळ्या पावासारखं लागलं.

मग नदी. "तुमची नदी उलटी वाहते. गाळ वर, पाणी खाली," असं म्हणून तो स्वतःच खो खो हसला. हा विनोद सिडनीतले लोक त्यांच्या आज्यापणज्यांपासून करत आलेत, पण क्लाइवनं तो असा टाकला की जणू आत्ताच सुचला. कॉफीला त्यानं "कोमट" म्हटलं आणि दुसरा कप मागवला. बागेत ओकच्या सावलीत हेटीला गवतावर बसवलं. तिनं दोन्ही मुठींत गवत धरलं आणि जगात पहिल्यांदाच गवत उगवल्यासारखी आईकडे बघून खिदळली. खालच्या हिरडीतला नवा दात तांदळाच्या कणीसारखा चमकला. ब्रॉन्विनला वाटलं, हा क्षण तरी याच्या तोंडातून सुटेल.

"आमच्याकडचं गवत मऊ असतं," क्लाइव म्हणाला.

मग तिथेच, गवत झटकत, "उद्या ट्रकवाल्याला फोन करतो. मंगळवारी येईल."

"बाबा, मी…"

"तू काही करू नकोस. फक्त खोकी भर."

"हं," ब्रॉन्विन म्हणाली. आणि त्या एका 'हं'बद्दल तिला स्वतःची इतकी किळस आली, की ती हेटीच्या पायातला मोजा उगाचच काढून पुन्हा घालत बसली.

विमानतळाकडे निघाले तेव्हाही गाडी क्लाइवच चालवत होता. गाडी ब्रॉन्विनची, पण लेक चालवणार आणि आपण शेजारी बसणार, हे त्याच्या पचनी पडत नसे. शहराच्या मधोमध उजवीकडे वळायचं होतं.

"बाबा, डाव्या बाजूला घे. इथे उजवं वळण डावीकडून घेतात. वर पाटी आहे बघ."

"उजवीकडे जायचं म्हणून डावीकडे उभं राहायचं? मग जेवताना घास काय, कानात घालता?"

"मधून ट्राम जाते, म्हणून."

"मी तुला गाडी शिकवली की तू मला?"

त्यानं गाडी नेऊन थेट ट्रामच्या रुळांवर उभी केली, उजवा दिवा लावला आणि समोरून येणाऱ्या गाड्या संपायची वाट बघत बसला. त्या काही संपेनात. मागे ट्राम आली. टण टण. मग अखंड टणटणाट. पदपथावरची माणसं थांबून बघू लागली. एकानं बोट दाखवून सोबतच्या बाईला काहीतरी सांगितलं; ती हसली. एक म्हातारा ओरडलाच, "सिडनीचा दिसतोय!"

क्लाइवचे कान लाल झाले. शेवटी तो वळलाच नाही. घाबरून सरळ पुढे गेला आणि दिसेल त्या कडेला गाडी उभी केली. नाचता येईना अंगण वाकडं! "कसलं हे शहर," तो पुटपुटला, पण किल्ली पुढे केली.

ब्रॉन्विननं चाक हाती घेतलं, गल्ल्यांतून वळसा घालून गाडी पुन्हा त्याच चौकात आणली. डाव्या कडेनं सावकाश पुढे जाऊन चौकात पलीकडच्या टोकाला थांबली. मागची ट्राम शेजारून निघून गेली.

"आता काय?"

"आता थांबायचं. आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा होईपर्यंत."

"भर चौकात?"

"हो." तिचे हात चाकावर घट्ट होते. "बाबा, ट्रक बोलावू नकोस. मी येणार नाहीये. हेटीला पाळणाघर मिळालंय, मी नोकरीवर परत जातेय. इथेच."

क्लाइवनं दाराकडे पाहिलं. उतरायची सोय नव्हती.

"हे सांगायला तुला हीच जागा मिळाली?"

"दिवसभर दुसरीकडे तू बोलू कुठे दिलंस?"

दिवा हिरवा झाला. ब्रॉन्विननं गाडी वळवली. विमानतळ येईपर्यंत क्लाइवनं एकाही गोष्टीला नाव ठेवलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचीच धास्ती वाटली.

बॅग उतरवून झाल्यावर त्यानं मागच्या खिडकीतून हात घालून झोपलेल्या हेटीच्या गालाला बोट टेकवल्यासारखं केलं.

"एवढं तरी कर. हिला यांच्या फुटबॉलचा नाद लागू देऊ नकोस. आखूड चड्ड्या घालून एकमेकांच्या खांद्यांवर उड्या मारतात नुसत्या."

"शब्द देत नाही," ब्रॉन्विन म्हणाली.

"इथली हवाच वाईट," असं म्हणत तो बॅग ओढत आत गेला.