नुरा कुस्तीची बातमी

भोरला एसटी स्टँडासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि अठरा वर्षं मी एका दैनिकाच्या तालुका पानासाठी खेळाच्या बातम्या पाठवतो. आमच्याकडे खेळ म्हणजे कुस्ती, आणि कुस्तीचे शौकीन काय चीज असते ते मला विचारा. पैलवान जिंकला तर त्यांचा, हरला तर पंच चोर, आणि बातमी चार ओळींची आली की वार्ताहर विकला गेलेला. त्यातून मी भोरचा. हा भोरवाला आपल्या पोरांचं चांगलं लिहिणारच नाही, असं वेल्ह्याकडच्या गावांनी ठरवूनच टाकलं होतं.

पासलीचे साहेबराव त्यात सगळ्यांचे पुढारी. गेल्या साली त्यांच्या गावच्या अमृत पैलवानाचा फोटो छापून आला नाही, म्हणून दुकानात येऊन दहा गिऱ्हाइकांसमोर मला नाही नाही ते बोलून गेले. फोटो पुण्याच्या ऑफिसात गाळला होता, पण ते ऐकून घ्यायला कोण थांबतं! तेव्हापासून मी आखाड्यात त्यांच्या बाजूला फिरकेनासा झालो. कुस्ती संपली की पैलवानाशी दोन शब्द बोलूनच बातमी लिहायची, ही माझी जुनी पद्धत. रागाच्या भरात तीही सोडली. तिथंच माझं चुकलं.

यंदा वेल्ह्याच्या जत्रेत शेवटची, म्हणजे सगळ्यांत मोठ्या इनामाची कुस्ती अमृतची, शिरवळकडच्या अभिषेकशी. आठ वर्षांच्या मेहनतीनंतर अमृतला पहिल्यांदाच शेवटची कुस्ती मिळालेली. पाचव्या मिनिटाला त्यानं पट काढून अभिषेकला खाली घेतलं, हलगी चढली, आणि मग काय झालं कोण जाणे, दोघं उठले ते नुसते एकमेकांच्या मानेवर एकेक हात टाकून फिरत राहिले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. लोक वैतागले. सगळ्यांत आधी साहेबरावच उठून ओरडले, "नुरा! नुरा हाय ही!"

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली खोटी कुस्ती. पैलवानाला यापेक्षा मोठी शिवी नाही. बघता बघता सगळा आखाडा 'नुरा, नुरा' करायला लागला आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. साडेपाचच्या आत बातमी पाठवायची होती. मी तिथंच उभ्या उभ्या मोबाईलवर लिहिलं, 'शेवटची कुस्ती नुरा, शौकिनांचा संताप.' खोटं कशाला सांगू, लिहिताना थोडा आनंदच झाला. साहेबरावांचाच शब्द, त्यांच्याच पैलवानाला.

दुसऱ्या दिवशी पासलीची माणसं टेम्पो करून दुकानात.

"आमच्या पोराला नुरा म्हनता?" साहेबराव म्हणाले.

"पहिल्यांदा तुम्हीच ओरडलात."

"म्या वरडलो ते आखाड्यात ऱ्हायलं. तुमी छापलंत. आता गावोगावच्या जत्रा कमिट्या वाचत्यात न्हवं?"

आणि तसंच झालं. आठवड्यात दोन गावांनी अमृतची ठरलेली कुस्ती रद्द केली. मला चैन पडेना. शेवटी मी उठून पासलीला गेलो. अमृत गोठ्यात वैरण टाकत होता. त्याच्या बायकोनं, नूतननं, माझ्याकडे न बघता पाण्याचा तांब्या ठेवला.

"अमृत, त्या दिवशी काय झालं होतं?" मी विचारलं. त्यानं वैरणीची दुसरी पेंढी सोडली. नूतनला मात्र राहवलं नाही.

"सांगा की त्यास्नी! त्या शिरवळच्या पोराचा खांदा निखळला व्हता. ह्यांच्या कानात म्हनला, दादा, खांदा गेला. चीत करायचं म्हंजी खांदंच टेकवायचं जमिनीला. ह्यांनी न्हाई टेकवलं. येवढाच गुन्हा."

"नूतन, गप," अमृत म्हणाला.

मला लाज वाटली. कुस्ती संपल्यावर वीस पावलं चालून त्याला विचारलं असतं तर! "उद्याच छापतो," मी म्हणालो. "सगळं जसंच्या तसं. फोटोसकट."

"न्हाई काका. त्याची पुढच्या म्हैन्यात पोलीस भरती हाय. खांद्याचं कळलं तर त्याला कोन घील? म्या शबूद दिलाय त्याला."

"मग भरती झाल्यावर छापू."

"नोकरी लागल्यावर तर अजाबात नगं. एकाचं नाव गेलंय तेवढं बास झालं."

मी परोपरीनं समजावलं. तो वैरण टाकत राहिला.

मग मी दोन ओळी छापून आणल्या. पैलवान अमृत यांच्या कुस्तीबाबतचा उल्लेख चुकीचा होता, दिलगीर आहोत. कारण दिलं नाही, देता येत नव्हतं. लोकांनी लावायचा तोच अर्थ लावला. पासलीकरांनी दम भरला, भोरवाला घाबरला, म्हणजे कुस्ती नुराच असणार. ज्यांनी पहिली बातमी वाचली नव्हती, त्यांनाही आता ती कळली.

पंधरा दिवसांनी नसरापूरच्या बाजूला एका गावात जत्रा होती. अमृत साध्या पँट-शर्टात प्रेक्षकांत बसला होता, शेजारी साहेबराव. मी मुद्दाम त्यांच्यापाशी जाऊन बसलो. साहेबराव जरा सरकले. मधलीच एक कुस्ती रेंगाळली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "नुरा!" पाठोपाठ दहा-वीस जण. अमृत उठला, पँट झटकली. "येतो काका," म्हणाला आणि त्या ओरडणाऱ्या माणसांमधून वाट काढत निघून गेला.

साहेबराव बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "आनंदराव, कुटं बोलू नगा. पर खरं सांगा, नुरा व्हती का वो?"

"नव्हती," मी म्हणालो. "शपथेवर सांगतो."

"कशावरनं?"

मी अमृत गेला त्या वाटेकडे बघितलं. साहेबरावांनी थोडा वेळ वाट बघितली, मान हलवली आणि तोंड आखाड्याकडे वळवलं.