दोन्ही डाव्या

वस्तादांना जावई मिळाला तो दातांचा डॉक्टर. माणूस सरळ, मितभाषी, हसायचं झालं तरी परवानगी काढून हसल्यासारखा हसणारा. नावं ठेवायला जागा नव्हती, पण बोलायलाही काही सापडत नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासरे-जावयांचं बोलणं तब्येत, रस्त्यावरची गर्दी आणि चहात साखर किती, यापुढे सरकलं नव्हतं. जावई यायचा म्हटलं की वस्ताद घाईघाईने बनियनवर शर्ट चढवत, त्याला ‘डॉक्टर’ म्हणत, अहो-जाहो करत, आणि तो गेला की हुश्श करून शर्ट पुन्हा खुंटीला लावत.

वस्तादांचं स्वतःचं वर्कशॉप होतं. तीन मिलिंग मशीन, दोन लेथ आणि त्यांच्याइतकेच मुरलेले दोन कारागीर. चाळीस वर्षं त्यांनी पंपांचे भाग केले होते. ते भाग कुठल्यातरी डब्यात बंद व्हायचे, तो डबा कुठल्यातरी यंत्राच्या पोटात जायचा, आणि वस्तादांचं काम पुन्हा कुणाच्या नजरेला पडायचं नाही. त्याचं त्यांना वाईट वगैरे वाटत नसे. माप बरोबर आलं की त्यांचं पोट भरायचं.

एका रविवारी डॉक्टर बगलेत कागदांची भलीमोठी गुंडाळी घेऊन आला. जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून त्याने ती उलगडली. दोन माणसं बसतील एवढी, जमिनीला जवळजवळ चिकटलेली स्पोर्ट्स कार. कॉलेजात असल्यापासून तो ती कागदावर काढत होता, पुसत होता, पुन्हा काढत होता. गाडीचा सांगाडा, म्हणजे चॅसी, त्याला पत्रा वाकवून किंवा नळ्या जोडून केलेली नको होती. अॅल्युमिनियमच्या जाड लाद्या मिलिंगवर आतून कोरायच्या, मधे बरगड्यांसारख्या पट्ट्या राखायच्या, आणि असे कोरलेले भाग बोल्टने आणि गोंदाने एकमेकांना जोडायचे. वजन कमी, ताकद भरपूर.

“तुमच्या मशीनवर होईल का, बाबा?” त्याने विचारलं.

वस्तादांनी चष्मा लावला. ड्रॉइंग स्वच्छ होतं. मापं लिहायची तिथेच लिहिली होती. मशीनवर होण्यासारखं होतं, पण त्यांच्या मनात आलं ते एवढंच, की जावयाला नाही कसं म्हणायचं. ते हो म्हणाले. रात्री बायकोला मात्र म्हणाले, दोन महिन्यांत हात काळे झाले की हौस फिटेल.

हौस फिटली नाही. डॉक्टर दर रविवारी येऊ लागला, आणि दवाखान्याची सुट्टी गुरुवारी असायची म्हणून गुरुवारीही. कटरला पाती किती, तो किती वेगाने फिरवायचा, कटर थंड ठेवणारं कूलंटचं दुधाळ पाणी नेमकं कुठे पडलं पाहिजे, सगळं वहीत लिहून घ्यायचा. घरी जाताना त्याच्या केसांत, कॉलरमध्ये, बुटांत अॅल्युमिनियमचा कीस असायचा. लेक फोनवर आईला सांगायची, अंथरूण झटकलं तर चांदी सांडते.

पण नवशिक्याचा हात तो नवशिक्याचा. कुठे भोक अर्धा मिलिमीटर सरकायचं, कुठे कडेला दात उमटायचे. कारागिराच्या हातून असं झालं असतं तर वस्तादांनी तो तुकडा त्याच्या हातावर ठेवून विचारलं असतं, हे काय आहे? डॉक्टरला ते म्हणत, “छान, छान. होतं असं.” आणि तो गेला की गुपचूप नवा तुकडा बांधून तेच काम स्वतः करून ठेवत.

बायकोच्या हे लक्षात आलं. तिने विचारलं, त्याला सांगत का नाही? वस्ताद म्हणाले, जावई आहे तो. ती म्हणाली, जावई आहे म्हणून काय त्याला बोळ्याने दूध पाजणार आहात? वस्तादांनी विषय बदलला.

चॅसीतले सगळ्यांत मोठे भाग म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्लेट. दीड मीटर लांब, एक डावी, एक उजवी. त्यांच्या लाद्या खास मागवाव्या लागल्या होत्या आणि यायला चार महिने लागले होते. डावी प्लेट दोघांनी मिळून केली. सहा दिवस मशीन त्यातच गुंतलं होतं. ती साफ पुसून भिंतीला टेकवली तेव्हा दोघंही बराच वेळ तिच्यासमोर नुसते उभे होते. डॉक्टरने तिच्यावरून बोट फिरवलं. वस्तादांनाही फिरवायचं होतं, पण ते जावयासमोर बरं दिसलं नसतं.

त्यानंतर वस्ताद बायकोसोबत आठ दिवस मेव्हणीकडे गेले. निघताना डॉक्टरला म्हणाले, मी आलो की दुसरी घेऊ, तीपण अशीच करायची आहे. डॉक्टरच्या मनात काही वेगळंच होतं. त्याने आठवडाभर दवाखाना बंद ठेवला, सकाळी कारागिरांच्याही आधी वर्कशॉप गाठू लागला आणि एकट्याने दुसरी प्लेट पुरी केली. सासऱ्यांना चकित करायचं म्हणून.

वस्ताद परतले ते स्टेशनवरून थेट वर्कशॉपमध्ये. डॉक्टरने प्लेटवरचं फडकं काढलं. काम सुरेख होतं. बरगड्या सारख्या, कडा गुळगुळीत, भोकं जिथल्या तिथे. वस्तादांनी व्हर्नियर काढलं, चार ठिकाणी मोजलं, मान डोलावली. मग नजर भिंतीला टेकवलेल्या पहिल्या प्लेटकडे गेली, पुन्हा या प्लेटकडे आली, आणि त्यांनी व्हर्नियर खाली ठेवलं. गाडीत बसवताना कोरलेली बाजू आत यायला हवी आणि उतरती कड पुढे. या प्लेटची कड पुढे ठेवली तर कोरीव बाजू बाहेर येत होती. दोन्ही पायांत डावाच बूट घालावा तसं झालं होतं.

“अरे गाढवा,” वस्तादांच्या तोंडून निघून गेलं, “दोन्ही डाव्याच केल्यास की!”

लेथवरच्या कारागिराने मशीन बंद केलं. डॉक्टरने दोन्ही प्लेटकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने बेसिनवर जाऊन हात धुतले, बॅग उचलली आणि निघून गेला.

घरी वस्तादांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. लाद्यांचं जाऊ दे, लाद्या परत येतील. पण सहा वर्षं जिभेवर साखर ठेवून वागलो आणि सगळ्यांसमोर जावयाला गाढव म्हणालो, हे त्यांना खात होतं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “सकाळी जा, आणि फोनवर नका उरकू.”

सकाळी ते दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, काय त्रास आहे? खरं कारण चारचौघांत सांगायची लाज वाटून त्यांनी दाढेवर बोट ठेवलं. तिने नाव लिहून घेतलं. गालाला रुमाल लावलेल्या माणसांच्या रांगेत पाऊण तास बसल्यावर त्यांचा नंबर लागला, आणि काही कळायच्या आत ते खुर्चीत आडवे झाले होते, डोळ्यांवर दिवा होता, आणि वर मास्क लावलेला जावई.

“डॉक्टर, काल मी जे...” त्यांनी सुरुवात केली.

“तोंड उघडा, बाबा.”

त्यांनी उघडलं. डॉक्टरने छोटा आरसा आत घातला आणि दाढ बघत बघत, अगदी शांतपणे बोलू लागला. त्याने सांगितलं, की रोज घरी जाण्याआधी तो स्वतः केलेला प्रत्येक तुकडा मोजून वहीत लिहायचा. पुढच्या खेपेला तोच तुकडा वेगळा भरायचा. आधी वाटलं, आपल्याला मोजता येत नाही. मग एके दिवशी आपला खराब तुकडा भंगाराच्या पिंपात दिसला आणि सगळं समजलं.

“कारागिरांची चूक तुम्ही त्यांच्या हातात देता,” तो म्हणाला. “माझी तेवढी झाकून ठेवता. काल पहिल्यांदा तुम्ही मला अरे म्हणालात. प्लेटचं फार वाईट वाटलं, रडूच येईल असं वाटलं म्हणून निघून गेलो. पण घरी गेल्यावर आधी त्या ‘अरे’चीच गोष्ट सांगितली हिला. मला अजून किती वर्षं पाहुणा म्हणून ठेवणार आहात?”

त्याने आरसा काढला. वस्तादांनी जबडा मिटला. डोळ्यांवरचा दिवा प्रखर होता, म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं समजायला हरकत नव्हती.

“अर्धी चूक माझी आहे,” ते म्हणाले. “जाताना मीच सांगून गेलो, तीपण अशीच करायची. डावी-उजवी हा शब्दच काढला नाही.”

“म्हणजे अर्धा गाढव मी आणि अर्धे तुम्ही.”

मास्कच्या आड तो हसत होता. परवानगी न काढता. वस्तादही हसले, आणि उठायला लागले, तेव्हा डॉक्टरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दाढ खरंच किडली होती. आता आलाच आहात तर भरून टाकू, तो म्हणाला.

पुढची वीस मिनिटं वस्ताद खुर्चीचे हात घट्ट धरून पडून होते. पण घाबरता घाबरताही त्यांचं लक्ष त्या हाताकडे गेलं. मशीन दातावर टेकत होतं ते वजन न देता, टेकून लगेच उठत होतं, पुन्हा टेकत होतं. ही चाल ते ओळखत होते, धातूत खोल भोक पाडताना तेही असंच करत. हाच हात आपण सहा वर्षं मऊ समजत होतो, असं त्यांच्या मनात आलं, पण तोंडात कापूस असल्यामुळे ते मनातच राहिलं.

उजव्या बाजूची लादी यायला पुन्हा चार महिने लागले. तोवर जास्तीच्या डाव्या प्लेटचे तुकडे करून त्यातून चाकं धरणारे आधार काढायचं ठरलं. पहिला आधार डॉक्टरला पाच वेळा करावा लागला. प्रत्येक वेळी वस्ताद तो त्याच्या हातावर ठेवून विचारत, हे काय आहे? आणि डॉक्टर वाद घालत असे, कधी बरोबर, कधी उगाच. सासूबाई डबा घेऊन आल्या की दारातूनच दोघांचे आवाज ऐकू यायचे. त्यांना जावयाला अरे-तुरे करणं काही जमलं नाही, पण त्या जाताना कारागिरांना सांगायच्या, चाललंय ते चालू द्या.

सगळं मिळून अडीच वर्षं गेली. अपघातात चेपलेल्या एका गाडीचं इंजिन धडधाकट सापडलं, ते मागे बसवलं. पत्र्याचं अंग चढलं. लेकीने गडद हिरवा रंग निवडला, पण दारं उघडली की आतली चॅसी दिसली पाहिजे, ती रंगवायची नाही, असं तिने बजावून सांगितलं. बाबांचं काम कधी नव्हे ते दिसतंय, झाकायचं कशाला, ती म्हणाली.

पहिली फेरी सकाळी, वर्कशॉपमागच्या रिकाम्या रस्त्यावर. डॉक्टर चालवायला बसला. शेजारी वस्तादांना बसवायचं तर आधी पाय, मग कंबर, मग डोकं अशी कसरत झाली. गाडी निघाली. वस्ताद आरशात किंवा रस्त्याकडे बघत नव्हते. त्यांनी उघड्या धातूवर तळवा ठेवला होता आणि ते ऐकत होते. कुठे खडखड नाही, कुठे कुरकुर नाही, नुसती एक बारीक थरथर तळव्यातून कोपरापर्यंत येत होती.

“थोडी पळव,” ते म्हणाले.

डॉक्टरने पळवली. वळणावर गाडी जराही न झुकता अशी फिरली, की वस्तादांच्या तोंडून आपोआप “वा” निघालं. परत आल्यावर त्यांना बाहेर काढायला दोघं लागले. कंबर धरून ते उभे राहतात न राहतात तोच सासूबाईंनी चप्पल काढून बाजूला ठेवली, एका दमात आत बसल्या, आणि समोर बघत म्हणाल्या, “चला डॉक्टर.”

गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. इंजिनाचा आवाज लांब गेला, आणखी लांब गेला, आणि परत यायची काही चिन्हं दिसेनात. लेक घड्याळ बघून म्हणाली, वीस मिनिटं झाली, मोठ्या रस्त्याला लागले वाटतं. वस्तादांनी स्टूल बाहेर आणून मांडलं, त्यावर बसले, आणि तिलाही बसायला जागा केली.