धडधड कुणाची

कालपासून पोटात बाळ हललं नव्हतं. बा, म्हणजे माझी आई, म्हणाली, एवढी मऊ गादी मिळाल्यावर कोण कशाला हलेल. जेतपुरात माझ्या वजनावर बोलायला कुणाला परवाना लागत नाही. डोहाळजेवणात खोळा, म्हणजे ओटी, भरताना तर काकी सगळ्यांदेखत म्हणाली होती की हिचा खोळा भरायला तांदळाचं पोतंच आणा. तेव्हा मीही हसले होते. आज हसू आलं नाही.

दवाखान्यात नर्स रमीलाबेननी पोटाला पट्टा बांधला. तो माझ्या पोटावरून सारखा घसरायचा, म्हणून त्या हाताने दाबून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने यंत्रातून धडधड ऐकू आली. आकडा एकशे वीसच्या आसपास. बाळाचे ठोके असेच असतात, म्हणाल्या. बाने खोडियार मातेला हात जोडले.

मी कुशीवर वळले, कान उशीत रुतला. कानातला ठोका आणि यंत्रातला ठोका एकाच वेळी पडत होता.

"बेन, ही माझीच धडधड आहे. माझी नाडी बघा."

रमीलाबेन अडखळल्या. नाडी बघणार कुठे? एका मनगटावर सलाईनची चिकटपट्टी, दुसऱ्यावर नणंदेने बाळाच्या रक्षणासाठी बांधलेली राखडी, पार मांसात रुतलेली. गळा तर हनुवटीतच बुडालेला. बाळंतपणाआधी राखडी सोडत नाहीत. मघाशीही बाने डोळे वटारले, म्हणून त्यांनी नाडी पाहायचं टाळलं होतं.

"बा, काप ती."

"असं अभद्र बोलू नये, दीकरी."

"बाळच राहिलं नाही तर ती राखणार कुणाला?"

बाने कात्री घेतली. राखडी कापताना टोक मला जरा लागलंच. रमीलाबेननी बोटं टेकवली, यंत्राकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या धावतच डॉक्टरांना घेऊन आल्या.

डॉक्टर सोनोग्राफीचा दांडा पोटात खोल दाबत शोधत राहिले. मी मनातल्या मनात बाळाची माफी मागत होते.

"आहेत ठोके," ते म्हणाले, "पण फार मंद. आत घ्या हिला, लगेच."

कमरेत सुई टोचली, खालचं अंग बधिर झालं. मधे हिरवा पडदा. मग कुणाचं तरी बारीक रडणं ऐकू आलं. रमीलाबेन हसत माझ्यावर वाकल्या. मी त्यांचा हात घट्ट धरला.

"नीट बघा, बेन. मीच तर रडत नाहीये ना?"